बरे होण्याची हमी नसताना विश्वास कसा धरावा

‘आता घरी घेऊन जा,’ असं डॉक्टर म्हणाले की ख्रिस्ती घरात दोन गोष्टी सुरू होतात. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रार्थनेची विनंती जाते, आणि भेटायला येणारा जो तो सांगू लागतो, ‘विश्वास ठेवा, प्रभू नक्की बरं करील.’ पहिली गोष्ट चांगलीच आहे. दुसरीने मात्र माणसं आतून मोडतात. आजारी माणूस गेला की मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दुःख येतंच, वर एक आरोपही येतो: तुमचा विश्वास कमी पडला. हा आरोप सहसा कुणी तोंडावर करत नाही. पण बायको तो स्वतःवर करते, मुलगा स्वतःवर करतो आणि पुढे कित्येक वर्षं चर्चमध्ये मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो.

देव सोडवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच त्याच्या नावाने त्याने न दिलेली वचनं वाटली जातात तेव्हा गप्प बसवत नाही. ज्या घरात असं आजारपण आहे त्या घरासाठी, आणि त्या घरी भेटीला जाणाऱ्यांसाठी, काय करावं आणि कोणत्या क्रमाने करावं ते पुढे लिहिलं आहे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं नोंदवलं आहे.

आधी एक अध्याय पूर्ण वाचा

प्रार्थना सुरू करण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचावा. पेत्राची तुरुंगातून सुटका झाली ती गोष्ट इथे आहे. दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी बांधलेला पेत्र झोपला आहे, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. रविवारच्या शाळेत आपण सगळेच हे शिकलो. पण अध्यायाच्या आरंभी काय आहे? हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एका ओळीत ते संपतं. याकोबाकडे देवदूत गेला नाही. तोही प्रभूचाच शिष्य होता, जवळच्या तिघांपैकी एक. रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत तो बरोबर होता. मग याकोबाचा विश्वास कमी होता का? हे पुस्तक लिहिणारा लूक तसं कुठेही सुचवत नाही. एकाला का सोडवलं आणि दुसऱ्याला का नाही, याचं कारणही तो देत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पुढे जातो.

याच्या जोडीला दानीएलाचा तिसरा अध्याय वाचा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो धगधगत्या भट्टीसमोर उभे आहेत. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं ते राजाला ठणकावून सांगतात. आणि लगेच सांगतात की त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ख्रिस्ती विश्वासाचं याहून नेमकं रूप मला ठाऊक नाही. सोडवण्याच्या सामर्थ्याबद्दल तिघांच्या मनात शंका नाही, आणि निकाल काय लागेल यावर त्यांनी आपली निष्ठा टांगलेली नाही.

तिसरा उतारा इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा शेवट. विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेतून सुटले, अशांची यादी चालू असते आणि वाक्य न थांबता दुसऱ्या लोकांकडे वळतं. दगडमार झालेले, करवतीने कापलेले, गुहांत राहिलेले. ही माणसंही विश्वासाचीच म्हणून गौरवलेली आहेत. सुटलेले आणि न सुटलेले एकाच यादीत.

हे वाचन झालं की घरातल्यांनी आपसात एवढं ठरवून घ्यावं: आपण बरं होण्यासाठी मनापासून मागणार आहोत, आणि उत्तर वेगळं आलं तर त्याचा अर्थ देवाने टाकून दिलं असा लावणार नाही. हे पहिल्या आठवड्यात बोलून ठेवावं. शेवटच्या रात्री ते बोलण्याचं बळ कुणात उरत नाही.

एक गोष्ट आणखी. लाजर कबरेतून बाहेर आला, पण तो पुढे कधीतरी पुन्हा मरण पावलाच असणार. येशूने बरे केलेले आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, सगळे आपापल्या वेळी गेले. या जगातली प्रत्येक सुटका काही काळापुरती असते. ख्रिस्ती माणूस ज्या अखेरच्या सुटकेची वाट पाहतो ती पुनरुत्थानाची आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सगळा तिच्यावरच उभा आहे. ही आशा मरणाला वळसा घालून जात नाही. येशू स्वतः मेला, पुरला गेला आणि मग उठला.

प्रार्थनेसाठी औषध थांबवू नका

याबद्दल कडक शब्दांत सांगायला हवं. प्रार्थनेत बरं झालं म्हणून इन्सुलिन बंद करा, केमोथेरपी सोडा, असं सांगणारा कुणी घरात आला तर त्याला नमस्कार करून दार दाखवा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. फक्त प्रार्थना कर असं म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर ख्रिस्ती सेवेचं आणि वैद्यकाचं नातं डोळ्यांसमोर आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं ते ख्रिस्ती मिशनचं काम म्हणूनच. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत एकाची निवड करावी लागते असं त्या परंपरेला कधी वाटलं नाही.

आजार बरा होण्यासारखा नसेल तरी उपचार संपत नाहीत, त्यांचा हेतू बदलतो. वेदना, धाप, उलट्या, झोप न येणं, अंथरुणातल्या जखमा यांवर उपचार करणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिची आधुनिक सुरुवात डॉ. सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाईंनी केली. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी एकत्र असते, आणि तिच्याकडे एकत्रच पाहावं लागतं, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना हे भारतातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग असतो. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘वेदना कमी करण्यासाठी पॅलिएटिव्हचा सल्ला कुठे मिळेल?’ हा प्रश्न शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. निदान झालं त्याच महिन्यात विचारला तर सगळ्यात जास्त उपयोग होतो.

मॉर्फिनची अनेकांना भीती वाटते. तीव्र वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन हा योग्य उपचार आहे. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. काही भाविक माणसं मात्र वेदना सोसण्यालाच भक्ती समजतात, आणि वधस्तंभावर येशूने बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला याचा दाखला देतात. ते त्याने केलं. आपण तसंच करावं अशी आज्ञा त्याने कुणाला दिली नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात तर मरणाला टेकलेल्याला मद्य द्यावं असा स्पष्ट सल्ला आहे. कळवळणाऱ्या आईला गोळी नाकारून तिची पवित्रता वाढत नाही.

आजाऱ्याला खरं सांगा, आणि घराची निरवानिरव करा

आपल्याकडे निदान लपवण्याची सवय खोल आहे. ‘आईला कळलं तर ती खचेल.’ आईला बहुतेक वेळा कळलेलं असतंच. तीही मुलांसाठी न कळल्याचं नाटक करते, आणि मग अख्खं घर एकमेकांपासून लपत राहतं. अशा घरात प्रार्थनाही खोटी होते, कारण जे देवापुढे बोलायचं ते आजाऱ्यासमोर बोलता येत नाही.

यशया संदेष्टा हिज्कीया राजाकडे गेला तेव्हा त्याने काहीही लपवलं नाही. तू बरा होणार नाहीस, घराची व्यवस्था लाव, असा निरोप त्याने दिला. ते ऐकून हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडला, त्याने प्रार्थना केली आणि त्याला आणखी पंधरा वर्षं मिळाली. वर्षं मिळाली हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ती प्रार्थना खरं कळल्यानंतरची होती.

सांगायचं कसं? आधी विचारा: ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?’ ते जेवढं विचारतील तेवढंच सांगा. एका बैठकीत सगळं ओतू नका. घरात ज्याच्याशी ते मोकळेपणाने बोलतात त्याने सांगावं, मग तो धाकटा असला तरी चालेल. आणि सांगितल्यावर उठून जाऊ नका.

मग निरवानिरवीची कामं. ती पुढे ढकलणं म्हणजे विश्वास दाखवणं असा गैरसमज आहे. मृत्युपत्र करावं. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर रद्द ठरतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चर्चला किंवा धर्मादाय कामाला मालमत्ता देण्यावर ख्रिस्ती माणसांना पूर्वी एक खास बंधन होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. बँक खात्यांवर आणि विम्यावर नॉमिनी म्हणून कुणाची नावं आहेत ते तपासा.

व्हेंटिलेटर लावायचा का, पुन्हा आयसीयूत न्यायचं का, हेही आजाऱ्याशीच बोला. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. ज्या उपचाराने फक्त मरणाची लांबण लागते तो नाकारणं आत्महत्या ठरत नाही; कॅथलिक शिकवणही हे स्पष्टपणे मानते. जीव घेणं वेगळं, आणि मरण येऊ देणं वेगळं.

अंथरुणाशेजारची प्रार्थना

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त इजा इथेच होते.

पहिलं म्हणजे परवानगी घ्या. ‘प्रार्थना करू का?’ एवढं विचारा. नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. हात धरून बसा. आवाज हळू ठेवा. पाच मिनिटं पुष्कळ झाली. दहा-बारा माणसांनी खोलीत दाटी करून मोठमोठ्याने ओरडणं आजाऱ्याला सोसत नाही. त्याला धाप लागलेली असते, उलटी येत असते, आणि तो संकोचाने काही बोलत नाही.

प्रार्थनेचा क्रम गेथशेमाने बागेतून घ्या. येशूने आधी मागितलं: हा प्याला माझ्यापासून दूर व्हावा. त्याने ते आडून मागितलं नाही, आणि एकदा मागून थांबलाही नाही, तीन वेळा गेला. मग त्याने पित्याच्या इच्छेला स्वतःला सोपवलं. आपण पुष्कळदा हा क्रम बिघडवतो. काही जण मागतच राहतात, हुकूम सोडल्यासारखे, आणि सोपवण्यापर्यंत पोहोचत नाहीत. काही जण पहिल्याच वाक्यात ‘तुझी इच्छा होवो’ म्हणून मोकळे होतात. त्यांना मागायची भीती वाटते, कदाचित उत्तर नाही आलं तर काय या धास्तीने. दोन्ही भाग हवेत. बरं होण्यासाठी स्पष्ट शब्दांत मागा. आजची रात्र नीट जावी, दुखणं उतरावं, मुलगी नाशिकहून वेळेत पोहोचावी, हेही मागा. मग सोपवा.

आणि मागण्याच्याही आधी तक्रारीला जागा द्या. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं सगळ्यात जास्त आहेत, तरी आपल्या उपासनांमध्ये ती फार क्वचित वाचली जातात. तेरावं स्तोत्र लहान आहे, तिथून सुरू करा. बाविसावं येशूने वधस्तंभावर उच्चारलं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. त्यात शेवटी उजेडाकडे वळण नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला आज उजेड दिसत नाही त्याच्यासाठी देवाने तेही राखून ठेवलं आहे, असं मी मानतो. आजारी माणूस रागाने म्हणाला, ‘देव कुठे आहे?’ तर त्याला दटावू नका. तो प्रश्न बायबलमध्ये भक्तांनीच विचारलेला आहे.

एक्क्याण्णवावं स्तोत्र आपल्या घरोघरी भिंतीवर असतं. सुंदर स्तोत्र आहे, वाचा. फक्त एक ध्यानात ठेवा: सैतानाने मंदिराच्या शिखरावर येशूला मोहात पाडायला हेच स्तोत्र वापरलं होतं. तुला काही होणारच नाही, उडी मार, असं त्याचं म्हणणं होतं. येशूने ते वचन नाकारलं नाही, त्या वचनाची पावती मागणं नाकारलं. देवाची अशी परीक्षा पाहणारी प्रार्थना आपण आजाऱ्याच्या उशाशी करू नये.

रात्री झोप येत नसेल तर एकशे एकविसावं आणि एकशे तिसावं स्तोत्र हळू वाचा. तेविसावं तर वयस्कर माणसांना पाठच असतं. तुम्ही पहिले शब्द म्हणा, पुढचे ते म्हणतील. शब्द विसरत चाललेली माणसंही जुनी गायनं म्हणू शकतात. ‘उपासना संगीत’ उशाशी ठेवा. नारायण वामन टिळकांची किंवा कृष्ण रत्नाजी सांगळ्यांची जी गायनं त्या माणसाने आयुष्यभर म्हटली ती हळू आवाजात गा. नवीन गाणी मोबाइलवर जोरात लावू नका.

जे बोलू नये

‘तुमच्या आयुष्यात काही लपलेलं पाप आहे का, तपासा.’ हे वाक्य कधीही नको. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा याने किंवा याच्या आईबापांनी पाप केलं म्हणून हे झालं असं नाही, अशा अर्थाचं उत्तर येशूने दिलं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री गप्प त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग बोलू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

‘विश्वास वाढवा म्हणजे बरं वाटेल,’ हेही नको. पौलाने देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला, आणि कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. याच पौलाच्या हातून आजारी बरे झाले होते. तरी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस तो एका ओळीत सांगून जातो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. ही ओळ सहसा कुणी प्रवचनाला घेत नाही. घ्यायला हवी. प्रेषिताला आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जावं लागलं, आणि त्याने त्याचं काही स्पष्टीकरण दिलं नाही.

‘देवाला तो आवडला म्हणून त्याने नेला,’ असं लहान मुलांना तर बिलकूल सांगू नका. मूल त्यावरून देवाबद्दल जे शिकतं ते भयंकर असतं.

मग बोलायचं काय? ‘मी उद्या सकाळी डबा आणतो.’ ‘आज रात्री मी जागतो, तुम्ही झोपा.’ ‘काकू, मला काय बोलावं सुचत नाही, पण मी इथे आहे.’

शेवटचे दिवस

माणूस खाणं कमी करतो, मग पाणीही. झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. शरीर आपलं काम आवरत असतं. बळेच भरवू नका, ठसका लागतो. ओला कापूस ओठांवरून फिरवा, कूस बदला, उशी उंच करा. ऐकू येणं बराच वेळ टिकतं असं मानून बोलत राहा, आणि खोलीत जमिनीच्या वाटणीची चर्चा करू नका.

पाळकांना किंवा फादरना लवकर बोलवा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करण्याची सूचना आहे. कॅथलिक घरांत आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराची अजूनही धास्ती वाटते. फादर आले म्हणजे आता संपलं, असं वसईकडच्या जुन्या माणसांनाही वाटतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा संस्कार गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही आहे हे स्पष्ट झालं आहे, आणि तो पुन्हा घेता येतो. माणूस शुद्धीत असताना, त्याला स्वतः आमेन म्हणता येईल तेव्हा बोलवावं. प्रभुभोजन गिळता येत नसेल तर अगदी लहान तुकडा पुरतो, आणि तेवढंही जमत नसेल तर आग्रह धरू नये.

क्षमेचं बोलणं राहिलं असेल तर ते आता करा. लांबण नको. ‘माझं चुकलं असेल तर माफ कर. मी तुला माफ केलं आहे. तू आमच्यासाठी खूप केलंस. आम्ही सांभाळून घेऊ.’ हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. पुष्कळ आया त्यासाठीच थांबलेल्या असतात.

दफनानंतर

लाजराच्या कबरेकडे जाताना काही क्षणांत आपण त्याला उठवणार हे येशूला माहीत होतं. तरी तो रडला. त्यामुळे ‘ख्रिस्ती माणसाने रडू नये’ या म्हणण्याला शास्त्रात आधार नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो तेव्हा त्याची काळजी एवढीच आहे की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये. शोकच करू नका, असं तो म्हणत नाही. विधवेला अंत्यविधीत उभं राहून साक्ष द्यायला भाग पाडू नका. तिला पुढे कधी वाटेल तेव्हा ती देईल, किंवा देणार नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या वेळी वाचावं. १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, दोन वर्षांत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात लेक मनोरमा उरली. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि बायका तिथे जगल्या, आणि त्यांतूनच रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापणाऱ्या बायका तयार झाल्या. मुक्तीचं काम जिच्या हाती सोपवायचं त्या मनोरमेचं जुलै १९२१ मध्ये निधन झालं. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. तेवढ्या काळात त्यांनी भाषांतराचं काम हातावेगळं केलं. याला मी चमत्कार म्हणतो, आणि त्यात कुणी मरणातून उठलेलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे पती नारायण वामन टिळक गेले तेव्हा टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. शाळेचं तोंडही धड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं.

पण प्रत्येकाला असं जमत नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. शोकात असलेल्या माणसाचं खाणं, झोप आणि औषधं यांकडे मंडळीने पाहावं. दोन-तीन महिन्यांनीही झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. मानसोपचार घेणं म्हणजे विश्वास हरवणं असं समजू नका.

भेटीला गर्दी होते ती पहिल्या आठवड्यात. खरी गरज तिसऱ्या महिन्यात, पहिल्या नाताळात, लग्नाच्या वाढदिवशी असते. कॅथलिक घरांत २ नोव्हेंबरला कबरेवर दिवे लागतात, त्या निमित्ताने तरी सगळे भेटतात. इतर मंडळ्यांनीही अशी एक तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी फोन करण्याऐवजी घरी जावं.

पाळकांना आणि वडीलजनांना माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळीतल्या चार-पाच जणांना, त्यांत दोन तरी तरुण असावेत, जवळच्या पॅलिएटिव्ह केंद्रात घरच्या सेवेचं शिक्षण घ्यायला पाठवा: अंथरुणातली जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, वेदना किती आहे ते कसं विचारायचं. त्यांचा प्रवासखर्च मंडळीच्या निधीतून द्या. येत्या कार्यकारी समितीच्या बैठकीत हा विषय घ्या.